टिक्या खळ्यात उतरत नाही

नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला आटगावजवळच्या एका फार्महाऊसवर कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती व्हायच्या आणि कमळू कुंपणाबाहेरून बघायचा. मुंबईची झुपकेदार कुत्री, गळ्यात साखळ्या. कुत्रं आडकाठीशी थबकलं की मालक हिसडा द्यायचा. कमळूला त्या कुत्र्यांची कीव यायची.

दोन हजार सातात सगळं पालटलं. शर्यत भरवणाऱ्या शहापूरच्या रंजिताताईंनी आपल्या मंडळाशी भांडून गावठी कुत्र्यालाही जागा मिळवली. आता दोरी नाही, ओढाओढ नाही. कुत्रं मोकळं आणि माणूस सोबत धावणार.

"काका, गावठी म्हणून एकटा तुमचा टिक्याच आहे," त्या कमळूला म्हणाल्या. "तो उतरला नाही, तर मंडळ पुढच्या साली गावठ्यांना दार बंद करणार."

"उतरंल ना, ताय. मैदान पण माझंच घ्या."

गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला, दुसरं काय! भात घरात आलेलं, शेत रिकामं. पाहुण्या कुत्र्यांच्या पायांना ढेकळं टोचू नयेत म्हणून नवराबायकोनं जमीन चोपली आणि खळ्यासारखी शेणानं लख्ख सारवली.

शर्यतीला अख्खा पाडा लोटला. टिक्याची पाळी आली. कमळूनं सवयीनं चपला कडेला काढल्या, आत गेला आणि हाक घातली, "यू यू, ये टिक्या."

टिक्या कडेलाच ढिम्म बसला. बसणारच की. खळ्यात भात असताना पाऊल टाकायचं नाही, हे कमळूनंच त्याला पिल्लू असल्यापासून शिकवलेलं. पूर्वीची शर्यत असती तर दोरीला धरून ओढला असता. आता नुसतं हाका मारणं हातात. लोक हसू लागले, रंजिताताईंचा चेहरा पडला आणि कमळूला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आवो, चपला घाला," त्याची बायको धोंडीबाई कडेला उभी राहून म्हणाली.

"खळ्यात चपला?"

"भात घरात आल्यावर तुमी चपला घालूनच खळ्यातून फिरता, मगच तो आत येतो. अनवाणी पाय बघून त्याला वाटतंय खळ्यात भात हाय."

कमळूनं चपला घातल्या मात्र, टिक्या उडी घेऊन आत. काठ्या ओलांडल्या, नळीतून निघाला, फळीवरून तर बांधावरून जावं तसा गेला. शेवटच्या काठीपाशी कमळूच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला आणि चप्पल लांब उडाली. टिक्या जागीच थांबला आणि त्या उघड्या पायाकडे बघत राहिला.

कमळूनं पाय वर उचलला आणि लंगडी घातली. टिक्यानं काठी ओलांडली, आणि दोघं बरोबरच रेषेपार झाले. सगळ्यांत शेवटचे आले, पण पाड्यानं डोक्यावर घेतलं.

पंच कुरकुरले, हे काय धावणं झालं?

"दोन्ही पाय टेकायलाच हवेत, असं नियमात कुठंय?" रंजिताताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "काका, पुढच्या साली गावठ्यांना दार उघडंच. मैदान देणार ना?"

"देईन, ताय," टिक्याला छातीशी धरून कमळू म्हणाला. "पण सारवणार नाय."