शनिवारची सुंठ

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. नेवाशाकडच्या एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं, देवाचं गंध उगाळायला. पण बनुबाईंच्या घरी आले आणि माझ्या नशिबी सुंठ आली. त्यांची सून चांगुणा हिला अर्धशिशी होती. अर्धं कपाळ ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, ओकाऱ्या यायच्या. मग ती सुंठ उगाळून लेप लावी. घटकाभर बरं वाटे, एवढंच. जखम दिसत नाही, म्हणून कुणाला खरंही वाटत नसे.

बनुबाई काही दुष्ट नव्हत्या. "शनी कोपलाय तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "शनिवार धर. पान्याचा थेंब घ्यायचा न्हाई." चांगुणाने शनिवार धरला, आणि दर शनिवारी दिवस कलायच्या आत माझ्यावर सुंठ पडू लागली. मला सगळं कळत होतं, पण दगडाला तोंड कुठलं?

बहात्तरच्या दुष्काळात चांगुणा खडी फोडायला जाऊ लागली. तिथे एक नर्सबाई येत. त्यांनी तिला भिंतीवर कोळशाने रोज एक टिंब काढायला सांगितलं, दुखेल त्या दिवशी रेघ. महिन्याने घरी येऊन त्यांनी भिंत पाहिली.

"दर शनिवारी रेघ? उपाशी राहतेस ना? या दुखण्याला उपास चालत नाही. वेळेवर खा, पाणी पी, उन्हात डोकं झाक. फार दुखलं तर या गोळ्या घे, पण रोज घेऊ नकोस, त्यांनीच डोकं दुखायला लागेल. हा आजार आहे गं, कोप नाही."

चांगुणाने शनिवार सोडला. अर्धशिशी गेली नाही, पण रेघा निम्म्यावर आल्या. तेवढ्यात विहीर आटली. गावातल्या सगळ्याच आटल्या होत्या, तरी बनुबाई म्हणाल्या, "तू शनिवार मोडलास, त्याचं हे फळ." चांगुणाने मान खाली घातली आणि पुन्हा शनिवार धरला.

तिसऱ्या शनिवारी खडीवर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, अर्धं दिसेनासं झालं. "मुकादम, जरा सावलीत बसू द्या."

"तुझं रोजचंच नाटक हाय," तो म्हणाला.

तिने हातोडा उचलला. दगड दिसला. दगडावरचा आपलाच हात दिसला नाही. डाव्या हाताची तीन बोटं गेली.

आता सुंठ बनुबाई उगाळतात. पहिल्या दिवशी उगाळता उगाळता हुंदका आला त्यांना. "म्याच खाल्ली गं तुझी बोटं," म्हणाल्या. परवा शनिवारी नात विजयमाला कपाळ धरून बसली, तेव्हा त्यांनी सुंठ बाजूला ठेवली आणि तिच्यापुढे भाकरी कुस्करली. "आधी खा. शनीचं मी बघते."

मित्रांनो, लेप लावा, नवसही बोला, पण दुखणाऱ्याचं आधी ऐका. उगाळताना मला धरणाऱ्या चांगुणाच्या डाव्या हाताच्या बोटांनी माझ्या कडेला झीज पडली आहे. ती जागा आता रिकामीच असते.