बाकावरचा मालक

गुनवोरने मासळीच्या कारखान्याचं जड दार खांद्याने ढकललं आणि आतला बाक दिसताच ती थबकली. बाकावर ओद्वार बसला होता. आत्ताआत्तापर्यंत तिचा मालक.

त्याच्या बोटदुरुस्तीच्या गोदीत तिने उमेदीची सगळी वर्षं बोटींचे तळ खरवडण्यात आणि रंगवण्यात घालवली होती. पगारातून कर दरमहा कापला जायचा, पण ओद्वार तो सरकारात भरतच नव्हता. शेवटी कर खात्याची माणसं आली आणि गोदीला टाळं लागलं. तेव्हापासून दारावर टकटक झाली की ती आधी पडद्याआडून बघायची. तुझा काही दोष नाही, असं खात्यातल्या बाईने फोनवर सांगितलं होतं. फोन चालू होता तोवर तिला ते पटलंही होतं.

गावात आता हा एकच कारखाना उरला होता. इथे कामाला नाही म्हणाले तर घर विकायचं आणि बेर्गन शहरात बहिणीच्या तळघरात जाऊन राहायचं.

ओद्वारने हातातली लोकरी टोपी पिळली.

"तूही इथेच?"

"मग कुठे जाऊ? समुद्रात?"

तो हसला नाही. "गुनवोर, आत माझ्याबद्दल विचारलं तर…"

"तर काय?"

तेवढ्यात आतून तिच्या नावाची हाक आली.

कारखान्याची व्यवस्थापक सिव ही गुनवोरच्या लेकीच्या वर्गातली. लहानपणी गुनवोरच्या स्वयंपाकघरात बसून गरम वॉफल खायची. आज मात्र टेबलाच्या पलीकडे होती.

"थंडी सोसेल ना?"

"जानेवारीत उघड्यावर कामं केलीत मी."

"आणि ती कराची भानगड… त्यात तुझा हात नव्हता ना? राग मानू नको, विचारावं लागतं."

गुनवोरने हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मी रंग लावायचे गं. मला काही माहीत नव्हतं."

खरं होतं ते, पण तिचा आवाज तिलाच खोटा वाटला. खिडकीबाहेर समुद्रपक्ष्यांचा कलकलाट चालला होता.

"बरं. सोमवारी ये," सिव म्हणाली. गुनवोर घाईने उठली, तशी ती पुढे म्हणाली, "थांब. बाहेर तो बसलाय. कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी उचलायला माणूस हवाय. तू त्याला आतून-बाहेरून ओळखतेस. घेऊ?"

नुसतं 'नको' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"वादळात एखादी बोट सुटली, की सगळ्यांच्या आधी तोच पाण्यात उतरायचा," ती म्हणाली.

"आणि भरवशाचा?"

"खोक्यांपुरता, हो."

ती बाहेर आली तेव्हा ओद्वार उभा होता.

"काय सांगितलंस?"

तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"कोल्ड स्टोरेज आहे. दोन जोड मोजे घालून येत जा."