पूर्वेच्या खिडकीची खोली

सिडकोत उज्वला आणि सोमनाथ ज्या भाड्याच्या खोलीत राहायचे, ती ओळीतली मधली खोली होती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे दुसऱ्या ओळीची पाठ आणि पुढे एक दार. उजेड यायचा तो त्या दारातूनच. सकाळी लावलेली ट्यूब झोपतानाच मालवायची. वीज गेली की उज्वला तांदळाचं ताट घेऊन उंबऱ्यात निवडत बसायची, आणि मुलगी प्रतिभा पायरीवर अभ्यास करायची. उज्वला वणीजवळच्या एका मळ्यात वाढलेली. तिच्या माहेरी दिवसा दिवा लावला, तर आई विचारायची की घरात कोणी आजारी आहे का. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला त्या खोलीची सवय झाली नव्हती.

सोमनाथ अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. पाळ्या फिरत्या. दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी यायची. त्या आठवड्यात तो सकाळी घरी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. उज्वला ट्यूब बंद करून दार लोटून घ्यायची आणि दुपारपर्यंत बाहेरच कामं करत बसायची. सोमनाथ गाढ झोपायचा. यात काही विशेष आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

पाथर्डी फाट्याजवळ घेतलेल्या प्लॉटवर त्यांनी शहाण्णव साली घर बांधायला काढलं. सोमनाथचे वडील खंडेराव जवळच पाथर्डीत भाजीपाला आणि झेंडू करायचे, म्हणून जागा तिथली निवडली होती. इंजिनिअरने पहिला नकाशा आणला तेव्हा सोमनाथ म्हणाला, चांगला आहे. उज्वलाने मात्र तो जमिनीवर पसरला आणि प्रत्येक खोलीची खिडकी कुठे, ते विचारलं. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या प्लॉटकडे होती. तिथे उद्या बंगला उभा राहिला तर, असं तिने विचारल्यावर इंजिनिअरने नकाशा गुंडाळला आणि दुसरा करून आणतो म्हणाला.

चुन्याची फक्की मारून पायाच्या रेघा आखल्या, त्या दिवसापासून ती रोज प्लॉटवर जाऊ लागली. कधी सकाळी, कधी टळटळीत दुपारी. पदर डोक्यावर घेऊन ती त्या पांढऱ्या चौकोनांत उभी राहायची आणि ऊन कुठून येतं ते बघायची. तिच्या सांगण्यावरून स्वयंपाकघर हललं, जिन्याच्या वर काच आली. खंडेरावांना हे फारसं रुचलं नाही. उन्हाळ्यात भाजून निघाल, चोराला वाटा होतील, असं त्यांचं म्हणणं. सोमनाथने तिची बाजू घेतली. घरात दिवसभर तीच असणार, तिला हवं तसं होऊ द्या, असं तो वडिलांना म्हणाला.

सगळ्यात चांगली खोली तिने सोमनाथसाठी ठेवली. पूर्वेला मोठी खिडकी, दक्षिणेला दुसरी. दिवसभर मशीनच्या आवाजात आणि तेलकट वासात राबणाऱ्या माणसाला निदान घरी तरी मोकळी, उजळ जागा मिळावी, असं तिच्या मनात होतं. धान्याच्या कोठ्यांसाठी मागच्या बाजूला एक लहान खोली काढली. तिला खिडकी नव्हती, वर हाताएवढी जाळी होती.

वास्तुशांत झाली. आलेल्या बायकांनी घर फिरून पाहिलं आणि किती उजेड, किती उजेड असं म्हटलं. उज्वलाला फार बरं वाटलं. तांदूळ आता ती ओट्याशी उभी राहून निवडायची.

मग रात्रपाळीचा आठवडा आला. सोमनाथ सकाळी येऊन पूर्वेच्या खोलीत आडवा झाला. खिडक्यांची दारं लावली तरी काचांतून ऊन थेट पलंगावर येत होतं. त्याने डोळ्यांवर टॉवेल टाकला, कूस बदलली, पाय उशाकडे करून पाहिलं. उज्वला स्वयंपाकघरात गुणगुणत होती. तासाभराने तो उठून बाहेर आला आणि झोप झाली म्हणाला.

पुढच्या रात्रपाळीपासून तो जेवण झालं की स्कूटर काढून वडिलांच्या मळ्यात जाऊ लागला. तात्यांना एकट्याने होत नाही, तोडणीचे दिवस आहेत, असं सांगायचा. सुरुवातीला उज्वलाला त्याचं कौतुक वाटलं. नंतर वाटेनासं झालं. एवढं घर बांधलं आणि हा माणूस त्यात टेकत नाही, हे तिच्या मनाला लागायला लागलं. त्याला घर आवडलं नाही, असं तिने धरून घेतलं, पण विचारलं नाही.

त्याच सुमारास कंपनीतला त्याचा सोबती राज घरी आला. सोमनाथ बाहेर गेला होता. राजने चहा घेतला आणि थोडं घुटमळून सांगितलं, की सोमनाथला मशीनवर डुलकी लागली होती. शेजारच्याने हात ओढला म्हणून बोटं वाचली. "वहिनी, त्याला घरी झोप मिळत नाही का?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सोमनाथ मळ्याकडे गेल्यावर ती रिक्षाने त्याच्या मागे गेली. तिच्या सासूबाई कुसाबाई शेडच्या सावलीत झेंडूची फुलं निवडत बसल्या होत्या. शेडला लागून खतांच्या गोण्या आणि फवारणीचे पंप ठेवायची खोली होती. तिचं पत्र्याचं दार लोटलेलं होतं. कुसाबाईंनी तिला पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

"इथं झोपतात?"

"रातपाळी असली का इथंच येतो. अंधार हाय ना. तिथं डोळे मिटले तरी ऊन दिसतं म्हणतो." मग सुनेचा चेहरा पाहून त्या हळूच म्हणाल्या, "तुला सांगू नको म्हणला होता. तुला वाईट वाटंल म्हणून."

उज्वला सासूजवळ बसली आणि खराब फुलं वेगळी काढू लागली. दुपार कलली तेव्हा सोमनाथ कपाळावरचा घाम पुसत बाहेर आला आणि तिला पाहून दारातच थांबला. त्याच्या शर्टाला खताचा वास येत होता.

दोघं स्कूटरवरून परतले. घरी आल्यावर ती म्हणाली, "नकाशा करताना एका शब्दाने सांगायचं होतं."

"तेव्हा मलाच कुठे माहीत होतं? सिडकोच्या खोलीत झोप लागायची, ती अंधारामुळे, हे इथे आल्यावर कळलं."

"मग इथे आल्यावर सांगायचं."

"तू उन्हात उभी राहून ही खोली काढलीस. कुठल्या तोंडाने सांगू?"

तिला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. नऊ वर्षं तिने त्याला दिवसा झोपताना पाहिलं होतं, त्याच्यासाठी दार लोटून बाहेर बसली होती, आणि घर आखताना तेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आधी त्यांनी जाड पडदे लावून पाहिले. कडांनी उजेड यायचाच, आणि वीज गेली की खोली भट्टीसारखी तापायची. शेवटी उज्वलानेच धान्याच्या खोलीचं दार उघडून आतली लांबी हातांनी मोजली. पलंग बसत होता. रविवारी दोघांनी कोठ्या ओढत पूर्वेच्या खोलीत नेल्या आणि पलंग मागे टाकला. जाळीपुढे तिने पुठ्ठा लावला, वाऱ्यापुरती फट ठेवली.

खंडेराव आले तेव्हा चिडले. "घराचा मालक कोठीच्या खोलीत झोपतो, अन् ज्वारी-बाजरी उन्हं खात बसली. पाव्हणे काय म्हणतील?"

"त्यांची झोप होते तिथे, तात्या," उज्वला म्हणाली. "पाहुण्यांना मीच सांगेन." आणि तिने सांगितलंही. कोणी हसलं तर ती हसू द्यायची. रात्रपाळीच्या आठवड्यात सोमनाथ दुपारपर्यंत घोरत पडायचा आणि घरात कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही, असा तिने नियम केला. राज पुन्हा आला तेव्हा मशीनवर सगळं ठीक असल्याचं म्हणाला.

प्रतिभाने हळूहळू कोठ्या एका भिंतीला सरकवल्या आणि खिडकीखाली आपलं टेबल मांडलं. दोन हजार तीनच्या आसपास सोमनाथच्या खात्यातली रात्रपाळी बंद झाली, तेव्हा ती दहावीत होती. वडिलांना खोली परत द्यायला तिने साफ नकार दिला. तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून कोणी वाद घातला नाही. कोठ्या मागच्या खोलीत गेल्या आणि पलंग बैठकीत खिडकीपाशी आला.

पहिल्या रविवारी सोमनाथ उशिरापर्यंत झोपला. ऊन सरकत त्याच्या छातीपर्यंत आलं होतं. उज्वला खिडकीचा पडदा ओढायला उठली.

"राहू दे," तो डोळे न उघडता म्हणाला. "रात्री झाली आहे झोप."

ती चहा टाकायला आत गेली.