राजाने राजाला हरवलं

मला त्या माणसाचं वाईट करायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी न्यायाची पुजारीण ठरवायला नको. न्याय झाला असेल तर तो आपला वाटेत सापडला.

आमचा धंदा गाद्यांचा. तळमजल्यावर कारखाना, वर ऑफिस, विक्री बहुतेक सगळी वेबसाइटवरून. तिथे मी सहा वर्षं जाहिरातीच्या ओळी लिहिल्या. वेबसाइट उघडली की सगळ्यात वर एक ठळक ओळ दिसते. तिच्यावर गिऱ्हाईक थांबतं, नाहीतर निघून जातं. कुठली ओळ चांगली हे ठरवायची पद्धत साधी होती. येणाऱ्या अर्ध्या लोकांना एक ओळ दाखवायची, अर्ध्यांना दुसरी, आणि बघायचं कुठल्या ओळीला जास्त ऑर्डरी येतात.

मग जाहिरात विभागाचा प्रमुख म्हणून कोच आला. हे नाव त्यानेच स्वतःला लावून घेतलं होतं. तरुणपणी कुठल्यातरी संघात राखीव खेळाडू होता म्हणे. ऑफिसात गळ्यात शिट्टी घालून फिरायचा. आल्या आल्या त्याने ओळींची स्पर्धा सुरू केली. सात जणांच्या सात ओळी, बाद फेरी, भिंतीवर हा मोठा तक्ता. सहा ओळी पहिल्या फेरीत भिडायच्या, सातवी थेट उपांत्य फेरीत. सातवी कुणाची ते सांगायला नको. ड्रॉ कोचच काढायचा.

आणि सामना किती दिवसांचा? त्याला वाटेल तितका. दर अर्ध्या तासाला आकडे त्याच्या फोनवर यायचे. त्याची ओळ मागे असली की म्हणायचा, "अजून रंग भरायचाय." ती पुढे गेली की शिट्टी. सामना संपला, टाळ्या वाजवा.

माझी ओळ होती, 'पाठ दुखतेय? आधी गादी बघा.' तिला दोन दिवस मिळाले. त्यातला अर्धा दिवस वेबसाइटवरचं पैसे भरायचं पानच बंद पडलेलं. ऑर्डरी आल्या एकूण एकोणीस. समोरच्या ओळीला दहा, मला नऊ. शिट्टी.

"एका ऑर्डरीने?" मी विचारलं.

"मॅच एका गोलनेही जाते, ताई. रडायचं नसतं."

सलग तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला खाली तक्रारींच्या खोलीत पाठवायचं, हा नियमही त्याचाच. माझी ही तिसरी. खिडकीजवळचं माझं टेबल दुपारपर्यंत रिकामं झालं आणि संध्याकाळी त्यावर त्याने आपले जुने चषक मांडले. मी ते जिन्यातून जाताना बघितलं. तिथेच ठरवलं, याला सोडायचं नाही.

तक्रारींची खोली जिन्याखाली. खिडकी नाही, दोन खुर्च्या, दोन फोन, भिंतीतून येणारा फोमचा वास. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या. एक बाई म्हणाल्या, "गादीच्या मधोमध खड्डा पडलाय. आम्ही नवरा-बायको दोघंही घरंगळत त्यातच गोळा होतो." मी म्हटलं, "मग प्रेम वाढलं असेल." त्या म्हणाल्या, "वाढलं असतं तर तुला फोन कशाला केला असता?"

माझा मोठा भाऊ टेबल टेनिसच्या स्पर्धा भरवतो. तीस वर्षं झाली. ड्रॉ तोच काढतो, पंच तोच नेमतो आणि भांडणंही तोच मिटवतो. रविवारी मी त्याच्या हॉलमध्ये गुण लिहायला बसते. त्या रविवारी सामने संपल्यावर मी विचारलं, "दादा, खेळाडूच पंच असला तर?"

"तर मी त्याला हॉलबाहेर काढतो."

"आणि आपण पुढे असताना सामना थांबवायची मुभाही त्यालाच असली तर?"

दादा बॅटच्या रबरावरची धूळ पुसत होता. त्याचा हात थांबला. "मग हे दुखरे गुडघे घेऊन मीसुद्धा जगज्जेता होईन. पहिला गुण मिळाला की म्हणेन, झालं, चला घरी. अगं, दोन-तीन गुणांनी कुणीही पुढे जातं. काही न करता जातं. चेंडू जाळीला लागून पलीकडे पडतो, समोरच्याचा पाय घसरतो. म्हणून तर गेम अकराचा, आणि असे पाच. किती खेळायचं ते आधी ठरवायचं असतं. खेळता खेळता नाही."

"तूही बाद फेरीच खेळवतोस की."

"टेबलं कमी आणि वेळ कमी म्हणून. एखाद्या सकाळी पोट बिघडतं आणि चांगला खेळणारा घरी जातो, मला दिसतं ना ते. खरोखर कोण सरस हे बघायचं असेल तर साखळी लावावी. सगळ्यांना सारखं खेळू द्यावं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे सगळं करून तुझा तो माणूस जिंकतो? एवढं करून हरला असता तर मी त्याला हार घातला असता."

मी हसले नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मी गप्पा मारायला आलेली नाही.

"एक सांग. खेळाडू म्हणतो टेबल वाकडं आहे. तू कसं तपासतोस?"

"एकच चेंडू घेतो. एकाच उंचीवरून आधी या बाजूला टाकतो, मग त्या बाजूला. उसळी वेगळी आली तर दोष टेबलाचा. चेंडू तर तोच असतो."

सोमवारी सकाळी मी मेकॅनिककडे गेले. मेकॅनिक म्हणजे आमची वेबसाइट सांभाळणारा. कुठली ओळ कुणाला दिसेल ते त्याच्या हातात. त्या वेळी अंतिम सामना लागायचा होता. एका बाजूला कोचची 'झोपा राजासारखे', दुसऱ्या बाजूला मेकॅनिकचीच ओळ, 'आवडली नाही तर आम्ही येऊन परत नेऊ.'

"दोन्ही बाजूंना कोचचीच ओळ लाव," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे अर्ध्यांना राजा आणि उरलेल्या अर्ध्यांनाही राजा. तक्त्यावर मात्र नावं तुमची दोघांची."

तो खुर्चीत मागे रेलला. "ताई, माझी नोकरी जाईल."

"मी लिहून देते, माझ्या सांगण्यावरून केलंस म्हणून. सहीसकट."

"आणि त्याने वेबसाइट उघडून बघितली तर?"

"आजवर एकदा तरी बघितली आहे का?"

मेकॅनिकने विचार केला. "नाही. फोनवरचे आकडेच बघतो." मग म्हणाला, "कागद आण."

पहिले तीन दिवस तक्त्यावर कोच मागे होता, म्हणून सामन्यात रंग भरणं चालू राहिलं. चौथ्या दिवशी दुपारी तो पुढे गेला. एकतीस विरुद्ध बावीस. शिट्टी खाली माझ्या खोलीपर्यंत ऐकू आली. मी त्या वेळी एका गृहस्थांना उशीचा अभ्रा कसा चढवायचा ते सांगत होते. सांगता सांगता मला हसू फुटलं आणि ते गृहस्थ चिडले.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंसमोर निकाल. बाई सत्तरीच्या, गादी शिवण्यापासून धंदा उभा केलेल्या, बोलायला कमी. बैठकीला सगळ्यांना बोलावलं होतं, तक्रारवाल्यांनाही. कोचने पडद्यावर आलेख लावला.

"राजा," तो म्हणाला आणि थोडा थांबला. "हा शब्द गिऱ्हाइकाला आतून उभं करतो. समोरची ओळ परत करण्याबद्दल बोलते, म्हणजे मनात शंका घालते. आपण स्वप्न देतो. म्हणून एकतीस विरुद्ध बावीस. लोकांनी शंका नाकारली."

पंधरा मिनिटं हेच चाललं. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माणसाला चढू द्यावं, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत.

"काही प्रश्न?" त्याने विचारलं.

"बाई, बावीस ऑर्डरी देणाऱ्यांनी काय बघितलं ते दाखवू का?" मी म्हटलं.

मेकॅनिकने दोन्ही पानं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. झोपा राजासारखे. झोपा राजासारखे. गेल्या सोमवारपासून प्रत्येक क्षणी काय दिसत होतं त्याची नोंदही लावली.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "म्हणजे राजाने राजाला हरवलं."

"हा घातपात आहे," कोच म्हणाला. मानेपर्यंत लाल झाला होता.

"असेल. त्याचं नंतर बघू. आधी मला सांग, एका ओळीने त्याच ओळीला नऊ ऑर्डरींनी कसं काय हरवलं? तू पंधरा मिनिटं कारणं सांगत होतास."

मला त्याचा चेहरा बघायचा होता, तो मी पोटभर बघून घेतला. टेबल वाकडं होतं. आजवर त्यावर जिंकलेले सगळे सामने त्या क्षणी खोटे झाले आणि हे त्यालाही कळलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू. माझ्या दुकानात मला न विचारता हे केलंस. दुसरं कुणी असतं तर आत्ता दार दाखवलं असतं."

"दाखवा. पण आधी साखळी लावा. सातही ओळी एकदम, येणारी माणसं सात सारख्या वाट्यांत, पूर्ण चार आठवडे. शेवटच्या दिवसापर्यंत आकडे कुणी बघायचे नाहीत."

कोच उठून उभा राहिला. "लावा. आणि हिच्या-माझ्यात ज्याची ओळ खाली राहील त्याने नोकरी सोडायची."

"चालेल," मी म्हटलं. "तोवर यांना खाली माझ्या शेजारी बसवा. गिऱ्हाइकाला आतून उभं करणारा माणूस आहे, त्याला एकदा ऐकू तर द्या गिऱ्हाईक काय म्हणतं."

बाईंनी मान हलवली. "बसेल. आणि निकालाआधी जो पळेल त्याला माझ्याकडून अनुभवाचं पत्र मिळणार नाही."

चार आठवडे तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. ती एका पायाने लंगडी होती, आधी मी तीच वापरायचे तेव्हा पायाखाली पुठ्ठा लावून घेतला होता. तो मी काढून ठेवला. जास्त खवळलेली गिऱ्हाइकं मी त्याच्याकडे जोडून द्यायचे, लपवत नाही. एकदा कुणीतरी त्याला सलग चाळीस मिनिटं झापलं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "तो म्हणतोय, 'राजासारखे म्हणालात आणि उठता येत नाही.'"

"मग काय सांगितलंत?"

"माफी मागितली."

"शिकताय," मी म्हटलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही वर गेलो. मेकॅनिकने सगळ्यांसमोर आकडे उघडले. त्याचीच ओळ पहिली, एक्याऐंशी ऑर्डरी. त्याने कान खाजवले, बाईंनी ती ओळ त्याच दिवशी कायमची लावायला सांगितली. दुसरी माझी, बावन्न. तिसरी कोचची, एकोणपन्नास. बाकीच्या चाळिशीत.

मी जिंकले होते. खिडकीजवळच्या टेबलाकडे माझी नजर गेलीसुद्धा.

कोचने हात पुढे केला. चेहऱ्यावर काही दुःख दिसेना, उलट एकदम सुटल्यासारखा. "हरलो मी. शब्द म्हणजे शब्द. बाई, पत्र तयार करायला सांगा, आजच जातो."

बाईंनी मला विचारलं, "तीन ऑर्डरींचा फरक. खरा आहे का हा?"

हो म्हटलं असतं तर तो गेला असता आणि माझं टेबल मला मिळालं असतं. पण मग मी वेगळी कशी? माझ्याही गळ्यात तीच शिट्टी. शिवाय त्याचा पुढे केलेला हात मी बघितला होता. त्याला तिथून निघायची केवढी घाई होती.

"नाही," मी म्हटलं. "तीन ऑर्डरींनी कुणी हरत नाही. मेकॅनिक जिंकला, ते पक्कं. आमच्या दोघांत निकाल लागलेला नाही."

"मग?"

"फक्त या दोन ओळी घ्या. आलेल्यांपैकी थोड्यांनाच दाखवा, म्हणजे धंद्याचं नुकसान नको. आणखी चार आठवडे."

"ताई, मी हरलो म्हणतोय ना," कोच म्हणाला. पुढे केलेला हात त्याने खाली घेतला. "लिहून देतो."

"आपण म्हणून चालत नाही. आकड्यांनी म्हणायला हवं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटात काय आहे ते त्यांना पुरतं कळलं होतं असं मला वाटतं. "तोवर तुलाही खालीच बसावं लागेल. वरचं टेबल मिळणार नाही."

"बसते."

"मग निकालापर्यंत दोघंही खाली," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

आम्ही जिना उतरलो. तो लंगड्या खुर्चीत बसला, मी माझ्या.

"चार आठवड्यांनी पुन्हा असंच झालं तर?" त्याने विचारलं.

"तर आणखी चार," मी म्हटलं आणि वाजणारा फोन त्याच्याकडे सरकवला.