माधवीचे बोल

मालननं पितळी ताटावर पळी आपटली. दोन हातांवर पाठमोरी बसलेली माधवी वाळूत रेघा ओढत होती. तिनं मान वळवली नाही. शेजारच्या क्वार्टरमधली बाई मात्र "क्या हुआ जी?" म्हणत बाहेर धावली. वर्षभर मालन हेच करत होती आणि वर्षभर लेक दाद देत नव्हती. कसली वेडी आशा म्हणायची!

आज तर आशेलाही सवड नव्हती. दुपारच्या गाडीनं नवरा हिंदुराव रजेवर जयपूरला येणार होता. पोर सहा महिन्यांची असताना तो सरहद्दीवर गेला, त्याला दीड वर्ष झालं. तेवढ्या काळात मालननं पत्रापत्रातून लेकीला बोलतं केलं होतं. माधवी 'बाबा' म्हणाली. माधवी मोराला हाका मारते. लिहिताना तिला ते खरंच ऐकू यायचं, मग हात थांबायचा नाही.

डॉक्टर विजयालक्ष्मीबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गरोदरपणी तुम्हाला बारीक ताप आला होता ना? बहुधा त्यातलाच जंतू पोटातल्या बाळाला बाधला. विलायतेतही त्याची ओळख आत्ता कुठे पटतेय. पोर जन्मापासून बहिरी आहे. तुमचा यात काही दोष नाही."

दोष नाही! दोन दिवसांचा ताप, मालननं धुणं धूत अंगावर काढला होता. तिचं मन त्या दोन दिवसांपाशी जाऊन बसायचं, ते उठायचंच नाही.

हिंदुरावानं ट्रंक दारात ठेवली.

"माधवे!"

पोर रेघा ओढत राहिली. त्यानं आणखी दोनदा हाक मारली, मग मालनकडं पाहिलं.

"तिला ऐकू येत न्हाई," मालन म्हणाली. "कधीच आलं न्हाई. मी खोटं लिवलं. काय बोलायचं ते बोला."

तो बूट न काढताच लेकीसमोर उकिडवा बसला. तिनं त्याची मिशी ओढून बघितली आणि खुदकन हसली. हिंदुरावाला हुंदका आवरला नाही.

संध्याकाळी ताट वाढताना मालन म्हणाली, "आता खरं तेच लिवीन."

"नगं." त्यानं भाकरी मोडली, पण घास घेतला नाही. "तुजं पत्र मी मोठ्यानं वाचतो. पलटणीतली सगळी पोरं गोळा हुत्यात, माधवी आता काय म्हणाली म्हणून. मलाबी तेवढंच ऐकाय मिळतंय."

मालननं डोळ्यांना पदर लावला.

"आता तिला तिसरं लागलं. तेवढी पोर काय काय बोलती," तो म्हणाला, "ते शेजारी इचारून ठेव."