दहाच्या दहा सारख्या

“बाई, या तुमच्या घरच्या नाहीत,” मी म्हणालो आणि टबावरच्या चिठ्ठीवर लाल पेनने फुली मारली.

डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका लग्नाच्या हॉलात शोभेच्या कोळंबीची स्पर्धा चालली होती. २०१७चा डिसेंबर. ओळीने बावीस काचेचे टब, प्रत्येकात बोटाच्या पेराएवढ्या दहा लाल कोळंब्या, आणि परीक्षक मी, रामनाथ सावे. समोर उभी होती उधव्याची जमना वरठा, सरकारी दवाखान्यातली आया. कोळंबी स्वतःच्या घरी वाढवलेली हवी, हा स्पर्धेचा पहिला नियम. बाजारातून आणून मांडली की बाद.

“घरच्याच हायेत, काका,” जमना म्हणाली. “तीन वर्सं झाली.”

“दहाच्या दहा सारख्या? रंगात फरक नाही, आकारात नाही. पायसुद्धा लाल! घरच्या पैदाशीत असं होत नसतं.”

“आमच्याकडं झालं.”

“कोणाकडून घेतल्यात ते सांगा.”

भोवती माणसं जमली होती, त्यातलं कोणीतरी हसलं. तिने टबातलं पाणी कोळंब्यांसकट अलगद डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि जाताना एवढंच म्हणाली, “घरी येऊन बघा. उधवा काय लंडनला नाय.”

आता माझ्या नजरेबद्दल सांगायला हवं, कारण तिचा मला फार माज होता. तेहतीस वर्षं मी चिकूच्या वखारीत प्रतवारी केली. पेटी उघडली की वरचा थर मी बघतच नसे. वरचा थर सगळेच नवरीसारखा सजवतात. मी खालचा काढायचो. आणि एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. एका वाडीतला माल असेल तर फळ थोडं लहानमोठं असणारच. सगळी पेटी एकसारखी लागली की खुशाल समजावं, चार वाड्यांतून वेचून भरलीय. हा ठोकताळा वखारीत कधी चुकला नाही. निवृत्त झाल्यावर मी कोळंब्या पाळायला लागलो, लोक मला परीक्षक म्हणून बोलवायला लागले, आणि तोच ठोकताळा मी कोळंबीला लावला.

पहिला नंबर बँकेतल्या पीयूषला दिला. त्याच्या दहांपैकी दोन जरा फिक्या होत्या, म्हणून तर मला त्या घरच्या वाटल्या.

रात्री जेवताना एक गोष्ट खटकली. चोरी पकडली गेलेला माणूस शपथांवर शपथा घेतो, हे मी वखारीत शेकडो वेळा पाहिलं होतं. जमनाने एकही शपथ घेतली नव्हती. स्पर्धा भरवणाऱ्या विपुलला फोन केला. स्टेशनजवळ त्याचं माशांचं दुकान आहे. तो त्याच्या गुजराती वळणाने म्हणाला, “काका, कुठं उधव्याला जाणार? निकाल लागला, कप गेला. जाऊ द्या ने.”

रविवारी मी गेलो. तलासरीहून जीपमध्ये अर्ध्या बुडावर बसून, धुळीने पांढरा होऊन तिच्या दारात उतरलो. कुडाचं, सारवलेलं घर. जमनाची त्या दिवशी सुट्टी होती. तिच्या हातात चहाची गाळणी होती. मला बघून ती दचकली नाही की हसली नाही. “या” म्हणाली आणि सरळ घरामागे घेऊन गेली.

वळचणीखाली निळी पिंपं अर्धी कापून ओळीने मांडलेली होती. चार. ती पहिल्यापाशी थांबली.

“डॉक्टरसायबांची बदली झाली, तवा काचेची पेटी टाकून गेले. बारा जिवंत होत्या. ही त्यांचीच पोरं.”

मी वाकून पाहिलं. पहिल्या पिंपातल्या कोळंब्या जवळजवळ पाण्याच्याच रंगाच्या. दुसऱ्यातल्यांच्या डोक्यावर जरा लाली. तिसऱ्यात पाठ लाल, पोट कोरं. चौथ्यात अंग सगळं लाल, फक्त पाय पांढरे.

“फिकी आत राहिली तर लालीचीबी पोरं फिकी निघतात,” ती म्हणाली. “म्हणून दर सुट्टीला गाळणीनं काढते आन् हितं टाकते.”

“फेकून का देत नाही?”

“फेकू कुठं? जीव हाय ना. आन् खातात काय? बदामाचं एक वाळकं पान.”

मग तिने घरातला माठ दाखवला. आत गारव्याला लाल भडक कोळंब्या होत्या, माझ्या फुलीवाल्या. त्या दहा सारख्या होत्या, कारण या बाईने तीन वर्षांत शेकडो वेगळ्या काढल्या होत्या. निवड झालीच होती, पण चार वाड्यांतून नाही; एकाच घरात, एकाच गाळणीने. आणि मी? मी माझ्या फिक्या कोळंब्या माशांना घालतो. माझ्या दारात कोणी पुरावा मागायला आला असता, तर माझ्यापाशी दाखवायला काही नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“जमनाबाई, चूक झाली. कप परत मागवतो. मी स्वतः आणून देतो.”

“कप ठेवू कुठं? घरात घुशी हायेत.” ती माठावर फडकं बांधत होती. “माझी पोरगी कविता शाळेत सांगून आलेली, आयची कोळंबी पयली येनार. आता पोरी तिला चिडवतात, तुझी आय चोर. तुमी सगळ्यांम्होरं बोललात ना काका? मग सगळ्यांम्होरं सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो.

सांगायला वर्ष लागलं. विपुल म्हणाला, आता विषय उकरू नका, पुढच्या स्पर्धेत बोला. विपुल हे आपलं निमित्त. मला तोंड लपवायला जागा हवी होती, ती त्याने दिली.

२०१८चा डिसेंबर, तोच हॉल. मी निरोप धाडला होता. जमना आली, सोबत दहाबारा वर्षांची कविता. टब आणला नव्हता. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या. मी माईक घेतला, पाहुण्यांचे आभार मानले, नियम वाचले आणि त्याच दमात म्हणालो, “गेल्या वर्षी एका नोंदीबाबत थोडा गैरसमज झाला होता, त्याबद्दल दिलगिरी. तर यंदा एकूण तीस टब...”

“काका, ऐकू नाय आलं.”

सगळा हॉल मागे वळला. जमना उभी होती. माईक चांगला खणखणीत होता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

विपुल माझी बाही ओढत होता. मी त्याचा हात बाजूला केला.

“उधव्याच्या जमना वरठा यांनी गेल्या वर्षी आणलेल्या कोळंब्या त्यांच्या घरच्या होत्या,” मी म्हणालो. “त्यांनी तीन वर्षं निवडून वाढवलेल्या. विकत घेतल्यात असं मी इथे, याच जागी म्हणालो. ते खोटं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन बघून आलो, तरी वर्षभर गप्प बसलो. चूक माझी.”

जमनाने वाकून कविताला काहीतरी विचारलं, बहुतेक ऐकू आलं का म्हणून. कविताने मान डोलावली. मग जमना खाली बसली.