कपाला विचारायचं

ओल्या रेझिनला बोट लावून बघणाऱ्या माणसाचा दादाला भयंकर राग. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, सख्खा भाऊ असो, तो तिथल्या तिथे झापायचा. मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ, फर्निचरचं वर्कशॉप आम्हा दोघांचं, त्यामुळे सगळ्यात जास्त बोलणी मीच खाल्लेली आहेत. लाकडावर इपॉक्सी रेझिन, म्हणजे ते पारदर्शक चिकट रसायन, ओतलं की ते लगेच काचेसारखं चमकायला लागतं. पण चमकलं म्हणजे सुकलं असं नसतं, आणि माणसाच्या बोटाला दम निघत नाही. म्हणून दादाने एक पद्धत ठेवली होती. ओतून उरलेलं मिश्रण तो कागदी कपात घ्यायचा आणि कप खिडकीत ठेवायचा. कपातलं कडक झालं की टेबलावरचंही झालं. "टेबलाला विचारायचं नाही, कपाला विचारायचं," असं तो म्हणायचा. कपात अंगठा खुपसला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

गेल्या वर्षभरात दादा विसरायला लागला. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, एवढ्यावर होतं तोवर आम्ही हसून घेतलं. मग एकदा कापायचं यंत्र चालू ठेवून तो पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. कोपऱ्यावरच्या बाकावर बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. एका दुपारी डबा उघडताना त्याने मला विचारलं, "आई जेवली का रे?" आईला जाऊन जमाना झाला. मी "हो" म्हणालो आणि हात धुवायच्या निमित्ताने उठलो. नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

दादाचे चिरंजीव ऑफिसात काम करतात. खिळा ठोकायचा तर बोटाला आधी पट्टी बांधून घेणारा माणूस. तो एक दिवस वर्कशॉपमध्ये आला आणि दादासमोरच मला म्हणाला, "काका, बाबांचं इथे येणं बंद करा. एखाद दिवशी हात जाईल त्यांचा."

मला असा संताप आला! तो चुकीचं बोलला असता तर मी त्याला उडवून लावलं असतं. पण तो खरं बोलत होता, म्हणून जास्त राग.

दादा मात्र शांत होता. म्हणाला, "तुझ्या नव्या घरासाठी जेवणाचं टेबल करतो. एकटा करतो. हा तुझा काका हात लावणार नाही. नीट झालं तर मी इथे येत राहणार. बिघडलं तर घरी बसून तुझ्या आईचं डोकं खाईन."

चिरंजीव हो म्हणाले. बापाला नाही म्हणायची त्याचीही छाती नव्हती.

दादाने अक्रोडाच्या फळ्या काढल्या. चांगल्या कामासाठी म्हणून त्या त्याने वर्षानुवर्षं माळ्यावर जपल्या होत्या, कुणाला विकायचं नाव काढू दिलं नव्हतं. सांधे त्याने असे बसवले की नखसुद्धा अडकेना. घासून घासून फळी गालासारखी मऊ केली. मी लांबून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, डॉक्टरला काय कळतंय!

रेझिन ओतायच्या दिवशी त्याने मला बाहेर काढलं. "तू आत आलास की धूळ येते." मी खिडकीतून बघत राहिलो. त्याने पातळ धार सोडली, रबरी पट्टीने ती सगळीकडे सारखी पसरली. लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर यायला लागली तसा गॅसचा बर्नर वरून अलगद फिरवून एकेक बुडबुडा फोडला. हात इतका हलका की मला आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. अक्रोडाच्या रेषा पाण्याखालून वर आल्यासारख्या दिसायला लागल्या. बाहेर येऊन तो नुसतं म्हणाला, "झालं." आणि हसला. कित्येक दिवसांनी तो असा हसला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी त्याला घेऊन त्यांच्या बहिणीकडे गेल्या. तेवढ्यात टेबल सुकेल, परत आल्यावर सगळ्यांनी मिळून बघू, असं ठरलं.

ते गेल्यावर मी आत गेलो. टेबल झळकत होतं. वरून एक माशी चालली होती. थोडी पुढे गेली आणि अडकली.

मी स्वतःची समजूत घातली, की हवा गार आहे, वेळ लागत असेल. संध्याकाळी परत बघितलं. शेवटी जे आयुष्यभर करायचं नाही म्हणून शिव्या खाल्ल्या तेच केलं, कडेला बोट लावलं. बोट चिकटलं. मग कोपऱ्यातले डबे बघितले. रेझिनचा डबा जवळजवळ रिकामा होता. हार्डनरच्या डब्याचं सील तसंच होतं. हार्डनर पडल्याशिवाय रेझिन कधीच कडक होत नाही, उद्या नाही, पुढच्या वर्षी नाही. मिश्रण करताना दादाने दोन्ही वेळा एकाच डब्यातून ओतलं होतं. बाकी सगळं हाताने बरोबर केलं होतं. डोक्याचं एकच काम होतं, तेवढंच राहून गेलं.

मी स्टुलावर बसून रडलो. मला रडता येतं हे मीच विसरलो होतो.

मग उठलो. अंगातला शर्ट काढला, पत्र्याच्या पातळ पट्टीने ते सगळं चिकट खरवडून काढलं, थिनरने फळी पुसली, कोरडी होऊ दिली, पुन्हा घासली. एवढी शिव्यांची लाखोली मी कधी वाहिली नसेल. त्या आजाराला, चिरंजीवांना, दादाला, त्या मेल्या माशीला. रेझिनचा नवा डबा फोडून मिश्रण केलं, हार्डनर घालून, नीट ढवळून. ओतलं. दादाचा हात आठवून बर्नर फिरवला. उरलेलं घाईघाईने फेकून दिलं. दादा आणि वहिनी परत यायच्या आत ते दगडासारखं कडक झालं. वाटलं, सुटलो.

सगळे आले. चिरंजीवांनी टेबलावर तळवा ठेवला, वाकून त्यात स्वतःचा चेहरा बघितला. त्याचा आवाजच बदलला. "बाबा, मानलं तुम्हाला. मी माझे शब्द मागे घेतो. या तुम्ही रोज."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "मी सांगत होते ना," त्या कुणाला तरी म्हणाल्या. मी फुगलो होतो. खोटेपणा करून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

दादा खिडकीशी गेला. सगळ्यांकडे पाठ करून त्याने पिशवीतून काहीतरी काढलं. मी शेजारीच होतो म्हणून मला दिसलं. कागदी कप. जाताना तो सोबत घेऊन गेला होता, सुकलं का ते बघायला, आणि तिकडे विसरला असणार. खिडकीत कप नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने अंगठा कपात दाबला. अंगठा आत गेला. बाहेर काढताना लांब तार आली.

तो टेबलाकडे बघत राहिला, मग कपाकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने चिंधीला अंगठा पुसला, कमरेचा एप्रन सोडला आणि वळून म्हणाला, "चला. शेवटचं काम झकास झालं. आता मी घरी बसतो."

"अहो, पण आता तर तो हो म्हणाला," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच. नावाजत असतानाच उठावं माणसानं."

चिरंजीव समजावत राहिले, दादाने हसून उडवून लावलं. ते दोघे बाहेर गेल्यावर त्याने कप माझ्या हातात दिला. "फेकून दे. तुझ्या वहिनीला दिसायला नको." दारापर्यंत जाऊन तो थांबला. "चांगलं ओतलंस. कडेला जरा घाई केलीस."

मी कप फेकला नाही. फळकुटांमागे लपवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढायला आलो तर दादा दारात उभा. अंघोळ केलेला, भांग पाडलेला, हातात डबा. कालचं काहीही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"किती उशीर," तो करवादला. "माझं टेबल सुकलं का बघायचंय."

टेबल काल रात्रीच चिरंजीवांकडे गेलं होतं. त्याला खरं सांगायचं तर काल त्याने जे एकदा सोसलं ते आज पुन्हा सोसावं लागलं असतं, आणि उद्या पुन्हा. एवढं माझ्याने झालं नाही. मी आत जाऊन कप आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने अंगठा दाबला.

"ओलंच आहे अजून," तो म्हणाला.

"हो दादा. आज आत काही काम नाही. बाकावर बसू."

आम्ही बसलो. त्याने डबा उघडला, अर्धी पोळी मला दिली. आता तो रोज सकाळी येतो. मी रोज कप पुढे करतो.